संगणक सुरू कसा होतो, हे शाळेला ठाऊक हवे





आपल्या संगणक कक्षाविषयी गेले काही महिने बरीच चर्चा सुरू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सोय व त्यामानाने नवे प्रोसेसर लागतात. आपली यंत्रे जुनी, ती या अटींत बसत नाहीत. तेव्हा ती भंगारात काढून नवी घ्यावीत, अशी सूचना पुढे आली होती. यंत्रांचे पडदे, कळफलक, हार्ड डिस्क सारे ठीक असताना केवळ एका प्रणालीची मुदत संपली म्हणून एवढा खर्च करणे आम्हांस पटले नाही. आम्ही लिनक्सचा मार्ग सुचविला आणि मंडळाने तो मान्य केला, याबद्दल आम्ही मंडळाचे आभारी आहोत.

परंतु त्याच ओघात आम्ही आणखी एक गोष्ट केली, तिच्यावर मात्र आक्षेप आला. लिनक्स बसविल्यावर त्याच्यासोबत ‘ग्रब’ नावाचा एक मध्यस्थ कार्यक्रम आपोआप येतो. तो रांगेतून बाजूला करून आम्ही काही यंत्रांत लिनक्सचे कर्नेल थेट फर्मवेअरकडूनच सुरू होईल अशी व्यवस्था केली. “जे चालते आहे त्याला हात कशाला लावता?” असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा येथे सविस्तर द्यावे असे वाटले, कारण हा विषय केवळ संगणक शिक्षकांचा नाही.

आधी शब्द समजून घेऊ. कर्नेल म्हणजे बीच्या किंवा कवचाच्या आतला गर. आम्ही हिंदी माध्यमात शिकलो, तिकडे बदामाच्या गराला गिरी म्हणतात. पलटणीतला कर्नल निराळा, त्याचा येथे संबंध नाही. लिनक्समध्ये कर्नेल म्हणजे प्रणालीचा तो गाभा, जो स्मृती, डिस्क, कळफलक यांचा सगळा कारभार पाहतो. आणि फर्मवेअर म्हणजे संगणकाच्या पाटीवरील एका चिपमध्ये कायम राहणारा छोटा कार्यक्रम. बटण दाबल्यावर सर्वांत आधी तो जागा होतो. शाळेत सकाळी सर्वांच्या आधी येऊन कुलूप उघडणारा कर्मचारी असतो ना, त्याच्यासारखा.

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा या पहिल्या कर्मचाऱ्याचे नाव बायोस होते. त्याला फायली वाचता येत नव्हत्या. तो डिस्कच्या अगदी पहिल्या खणातील ५१२ बाइट उचलून आणी आणि त्यात लिहिले असेल तसे करी. पुढे हार्ड डिस्क आल्यावर या ५१२ पैकी ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या तक्त्याला आणि २ बाइट ओळखीच्या खुणेला गेले. उरले ४४६. आजच्या युनिकोड पद्धतीने, यूटीएफ-८ मध्ये, देवनागरीचे एक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे या जागेत दीडशे देवनागरी चिन्हेसुद्धा मावत नाहीत. एवढ्याशा चिठ्ठीत अख्खे कर्नेल कसे मावणार? म्हणून चिठ्ठीत फक्त “अमक्या जागी जा, तेथे मोठा कारकून बसला आहे” असे लिहिण्याची रीत पडली. हा मोठा कारकून म्हणजे बूटलोडर. लिनक्सवर आधी लिलो होता, नंतर ग्रब आला.

गंमत अशी की लिनक्सच्या सुरुवातीच्या वर्षांत कारकुनाशिवायही भागत असे. कर्नेल इतके लहान होते की ते सरळ फ्लॉपीवर उतरवून यंत्र सुरू करता येई. कर्नेलच्या तोंडाशीच ती ५१२ बाइटची चिठ्ठी जोडलेली असे. पुढे कर्नेल वाढले, २.६ या मालिकेत ती सोय राहिली नाही. कोणी फ्लॉपीवरून तसा प्रयत्न केलाच, तर आता बूटलोडर वापरा अशा अर्थाचा संदेश पडद्यावर येत असे.

मग परिस्थिती बदलली ती फर्मवेअरच्या बाजूने. इंटेलने १९९०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या इटॅनियम यंत्रांसाठी ईएफआय नावाची नवी पद्धत आखली. २००५ साली ती अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंचाकडे गेली व यूईएफआय झाली. हा नवा कर्मचारी साक्षर आहे. डिस्कवरील एका ठरावीक विभागातील फाइल तो नावाने शोधू शकतो आणि चालवू शकतो. त्याच्याजवळ स्वतःची एक छोटी नोंदवहीही आहे, कोणती फाइल आधी, कोणती नंतर, हे त्यात लिहून ठेवता येते. आणि मार्च २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.३ या आवृत्तीत अशी सोय आली की कर्नेलची फाइल स्वतःच यूईएफआयला चालविता येईल अशा रूपात तयार होते. त्यासाठी तिला विंडोजच्या कार्यक्रमांसारखा मुखडा चढवावा लागतो. अशा फाइलची पहिली दोन अक्षरे ‘एम’ आणि ‘झेड’ असतात, आणि ती मायक्रोसॉफ्टच्या मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याच्या नावाची आद्याक्षरे आहेत! लिनक्सच्या दारावर त्यांची पाटी, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा.

तात्पर्य इतकेच की मध्यस्थ ज्या अडचणीमुळे जन्माला आला ती अडचण आपल्या बहुतेक यंत्रांत आता उरलेली नाही. आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात संत्र्याचा बार झाडावरच व्यापाऱ्याला देण्याची पद्धत घरोघरी माहीत आहे. व्यापारी वाईट असतो असे नाही, तो तोडणी करतो, गाडी आणतो, जोखीम घेतो. परंतु ज्या बागायतदाराच्या दारात स्वतःची गाडी उभी आहे आणि एकाच गिऱ्हाइकाला माल द्यायचा आहे, त्याने मध्ये कोणी घ्यावे की नाही हे त्याने स्वतः ठरवावे. ग्रबचेही तसेच आहे. एकाच यंत्रावर दोन-तीन प्रणाली ठेवायच्या असतील तर ग्रब उपयोगाचा, आम्ही त्याच्या विरोधात नाही. आपल्या कक्षातील यंत्रांवर एकच प्रणाली आहे.

याने वेळ किती वाचतो, असे मुले हटकून विचारतात. फार नाही. ग्रबची यादी पडद्यावर काही सेकंद थांबते तेवढा वाचतो. तेवढ्यासाठी आम्ही हा खटाटोप केला नसता.

खरे कारण दुसरे आहे. दोन वर्षांपूर्वी कार्यालयातील एक संगणक सकाळी सुरूच झाला नाही. पडद्यावर एवढेच की सुरू करण्याजोगे काही सापडत नाही. बाहेरगावाहून दुरुस्तीवाला बोलावला. त्याने दहा मिनिटे पाहिले, “डिस्क गेली” म्हणाला, सगळे पुसून नव्याने प्रणाली टाकली आणि पैसे घेऊन गेला. डिस्क मात्र आजही तीच आहे आणि उत्तम चालते. गेले ते त्यावरचे काम: जुन्या दाखल्यांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे, आणि नववीच्या मुलांनी आसपासच्या संत्रा बागांत फिरून, विहिरींची खोली दोरीने मोजून केलेली वर्षभराची पाहणी. मुलांनी ती पाहणी पुन्हा केली नाही, करणे शक्यही नव्हते, कारण त्या उन्हाळ्याचे पाणी त्या उन्हाळ्यातच मोजता येते.

पुढे पाच-सहा महिन्यांनी दुसऱ्या यंत्रावर तोच संदेश आला. या वेळी आमच्या संगणक शिक्षिकांनी कोणालाही बोलावले नाही. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले आणि फर्मवेअरच्या त्या छोट्या नोंदवहीत डोकावून पाहिले. नोंद पुसली गेली होती. डिस्क शाबूत, फायली शाबूत, फक्त पत्ता हरवला होता. त्यांनी पत्ता पुन्हा लिहिला, दोन विद्यार्थिनी शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. यंत्र सुरू झाले. त्यातील एक मुलगी म्हणाली, “मॅडम, एवढंच?” आमच्या मते या लेखाचा सगळा विषय त्या “एवढंच” मध्ये आहे. यंत्र सुरू होण्याच्या वाटेवर जितके थांबे कमी आणि जितके ओळखीचे, तितके आपले काम परक्याच्या हाती जाण्याची वेळ कमी येते. ग्रब हा चांगला पण मोठा थांबा आहे, त्याच्या स्वतःच्या आज्ञा, स्वतःच्या मांडणीच्या फायली, स्वतःचे विभाग. दहावीच्या मुलाला तो पूर्ण समजावणे कठीण. फर्मवेअर, कर्नेल, आणि मध्ये एक ओळ, हे त्याला एका तासिकेत समजते.

ती ओळ कशी लिहितात ते सांगतो, म्हणजे घरी लिनक्स असलेल्या मुलांना करून पाहता येईल (वडीलधाऱ्यांना विचारून आणि कामाच्या फायलींची दुसरीकडे प्रत ठेवूनच). प्रथम यंत्र खरोखर यूईएफआय पद्धतीने सुरू झाले आहे का ते पाहावे. लिनक्सच्या ‘सिस’ या कप्प्यात ‘फर्मवेअर’ आणि त्यात ‘ईएफआय’ असा कप्पा दिसला तर झाले आहे. नसल्यास येथेच थांबावे. नंतर कर्नेलची फाइल आणि तिच्यासोबतची इनिट-आरडी ही दुसरी फाइल, या दोन्हींची प्रत ईएफआय विभागात ठेवायची. हा विभाग फॅट पद्धतीचा असतो, जुन्या पेनड्राइव्हसारखा, त्यात लिनक्सचे दुवे चालत नाहीत, खरीखुरी फाइलच ठेवावी लागते. जागेकडे लक्ष द्यावे. विंडोज १० ने केलेला हा विभाग पुष्कळदा १०० एमबीचाच असतो आणि इनिट-आरडी एकटीच त्यातील बरीच जागा खाते. आम्ही यंत्रे नव्याने बसवितानाच तो ५१२ एमबीचा करून घेतला.

त्यानंतर ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ या आज्ञेने नोंदवहीत नोंद करायची: कोणती डिस्क, कोणता विभाग, नोंदीचे नाव, कर्नेलचा पत्ता, आणि कर्नेलला द्यायची सूचना, म्हणजे मूळ प्रणाली कोणत्या विभागात आहे व इनिट-आरडी कोठे आहे. येथे दोन ठिकाणी मुले अडखळली. पहिले, फर्मवेअरच्या पत्त्यात तिरकी रेघ उलटी असते, आणि अवतरणचिन्हांत न लिहिल्यास लिनक्सचा शेल ती गिळून टाकतो. दुसरे, डिस्कला ‘एसडीए’ वगैरे नावाने हाक मारू नये. पेनड्राइव्ह लावलेला असला की ही नावे कधी अदलाबदल होतात. विभागाचा लांबलचक ओळखक्रमांकच लिहावा. तो लिहिताना कंटाळा येतो, पण तो बदलत नाही.

नवी नोंद लगेच पहिल्या क्रमांकावर ठेवू नये. “फक्त पुढच्या एका वेळी ही वापर” असे सांगण्याची सोय त्याच आज्ञेत आहे. जमले तर उत्तम, न जमले तर यंत्र पुन्हा बंद-चालू केले की जुनी वाट आपोआप परत येते. आठवडाभर नीट चालल्यावरच क्रम बदलावा. ग्रबची नोंद आम्ही पुसलेली नाही, ती शेवटच्या क्रमांकावर आहे. मधल्या क्रमांकावर आधीच्या कर्नेलची नोंद आहे. कर्नेलची नवी आवृत्ती आली की तिची प्रत ईएफआय विभागात आपोआप जावी यासाठी शिक्षिकांनी एक छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवली आहे. ही पायरी राहिली तर यंत्र जुन्या कर्नेलवरच सुरू होत राहते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या असे आपल्याला उगाच वाटते. या पद्धतीचा हा सर्वांत मोठा तोटा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही.

आणखी एक तोटा फर्मवेअरचाच. काही कंपन्यांच्या पाटीवर नोंदवही नीट पाळली जात नाही. नोंद विसरली जाते, किंवा कर्नेलला दिलेली सूचना पुढे पोचतच नाही. यूईएफआयमध्ये अशा वेळेसाठी एक ठरलेला पत्ता आहे: ईएफआय कप्प्यात बूट नावाचा कप्पा आणि त्यात ठरावीक नावाची फाइल. नोंदवही कोरी असली तरी फर्मवेअर तेथे पाहते. सूचना, इनिट-आरडी आणि कर्नेल या तिन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये बांधून ती या पत्त्यावर ठेवता येते. आमच्या एका हट्टी यंत्रावर तसेच केले आहे.

काही पालकांना हा सारा आमचा नवा छंद वाटला असेल. तो नवा नाही, आणि मराठी मुलांच्या हाती तर तो लिनक्समध्ये ही सोय येण्याच्याही आधी आला होता. २००७ साली रायगड जिल्ह्यातील खैराट धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाचा भारतातील प्रयोग सुरू झाला. ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप अनेकांनी चित्रात पाहिले असतील. केवळ २५६ एमबी स्मृती, हार्ड डिस्क नाही, १ जीबीची फ्लॅश साठवण. त्यांत बायोसही नव्हता आणि ग्रबही नव्हता. मिच ब्रॅडली यांचे ओपन फर्मवेअर त्यात होते. ते साठवणीतील एक लहानशी स्क्रिप्ट वाचून लिनक्सचे कर्नेल स्वतःच सुरू करीत असे. कळफलकावर एक खास कळ होती, चालू कार्यक्रम आतून कसा लिहिला आहे ते दाखविण्यासाठी. पहिली-दुसरीतील मुलांच्या यंत्राला अशी कळ असावी, ही कल्पनाच आम्हांस फार आवडते. प्रकल्पावर टीकाही झाली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ सालीच त्यात सहभागी होण्यास नकार दिला होता, आणि शिक्षकाच्या तयारीवाचून यंत्रे वाटणे व्यर्थ, हा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. पण हा आक्षेप यंत्राच्या बांधणीवर नव्हता.

त्याच लॅपटॉपमध्ये दुसरीही एक गोष्ट होती, आणि येथे आम्ही विश्वस्तांचे लक्ष वेधू इच्छितो. त्याचे फर्मवेअर फक्त शिक्का मारलेली प्रणालीच सुरू करीत असे, म्हणजे चोरीला गेलेले यंत्र चोराच्या उपयोगाचे राहू नये. मात्र ज्याला आपल्या यंत्रात बदल करायचा असेल त्याला मागणी करून त्याची किल्ली मिळे. २०१२ साली विंडोज ८ सोबत आलेले ‘सिक्युअर बूट’ याच जातीचे आहे. फर्मवेअरमध्ये काही कंपन्यांच्या किल्ल्या आधीपासून असतात, सहसा मायक्रोसॉफ्टची असतेच, आणि त्या किल्लीचा शिक्का नसलेली फाइल सुरू होत नाही. लिनक्स नेहमीच्या पद्धतीने बसविल्यास मायक्रोसॉफ्टचा शिक्का असलेला एक छोटा कार्यक्रम पुढे उभा असतो, म्हणून ते चालते. कर्नेल थेट सुरू करायचे तर तो शिक्का त्यावर नसतो. मग दोनच वाटा: सिक्युअर बूट बंद करणे, किंवा शाळेची स्वतःची किल्ली तयार करून फर्मवेअरमध्ये बसविणे आणि आपल्या कर्नेलवर आपणच शिक्का मारणे.

सध्या आम्ही ते बंद ठेवले आहे. यामुळे सुरक्षा थोडी कमी होते, हे खरे आहे. पण दुसऱ्या बाजूने एक भोक बुजलेही आहे. ग्रबची यादी पडद्यावर असताना ‘ई’ कळ दाबून सूचना बदलता येते आणि पासवर्डाशिवाय यंत्राचा पूर्ण ताबा घेता येतो, ही युक्ती वरच्या वर्गातील काही मुलांना चांगलीच ठाऊक होती. (कोणाला, हे आम्हांस ठाऊक आहे. नावे छापत नाही.) आता ती यादीच येत नाही. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून हाच उद्योग करता येऊ नये यासाठी फर्मवेअरला पासवर्ड घातला आहे. तो पाकिटात बंद करून मंडळाच्या सचिवांकडे दिला आहे. तो केवळ एका शिक्षिकेच्या डोक्यात राहिला असता आणि उद्या त्यांची बदली झाली असती, तर आपण पुन्हा त्याच दुरुस्तीवाल्याच्या दारात उभे राहिलो असतो.

स्वतःच्या किल्लीचे काम पुढच्या सत्रात घ्यावे असे आमचे मत आहे. ते कठीण आहे, काही पाट्यांवर जोखमीचेही आहे, म्हणून आधी एकाच यंत्रावर. किल्लीची फाइल कोणाजवळ असावी, हा प्रश्न मात्र संगणक शिक्षकांचा नसून मंडळाचा आहे, आणि मंडळाने त्यावर ठराव करावा अशी आमची विनंती आहे. शाळेच्या कपाटाच्या किल्ल्यांची जशी नोंद असते तशीच ही असावी.

“पण नोकरीत शेवटी विंडोजच लागते ना?” हेही विचारले गेले. पुष्कळ ठिकाणी लागते. टंकलेखन, हिशेबाचे तक्ते, ईमेल हे ज्याला एका प्रणालीवर येते त्याला दुसरीवर शिकायला आठवडा पुरतो. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत काय घडते हे मात्र कार्यालयात कोणी शिकवीत नाही. केरळच्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त प्रणालीवरच शिकविले.

प्रत्येक यंत्राची नोंद आता कक्षातील जाड वहीत आहे: विभागाचा ओळखक्रमांक, कर्नेलची आवृत्ती, पूर्ण ओळ, आणि ती कोणी कधी लिहिली. ओळ मुद्दाम हाताने लिहिली आहे, कारण यंत्र बंद पडल्यावर यंत्रातली फाइल वाचता येत नाही. दाखल्यांच्या नोंदवह्यांची छायाचित्रे पुन्हा काढण्याचे काम दहावीच्या मुलांनी अंगावर घेतले आहे, त्यांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर कार्यालयात राहील. उन्हाळ्याच्या सुट्टीत उरलेली यंत्रे याच पद्धतीने लावली जातील. ज्या पालकांना पाहायचे असेल त्यांनी मंगळवार व शनिवार सोडून यावे, त्या दिवशी मंदिराच्या गर्दीमुळे रस्त्यावर गाडी लावायला जागा नसते.

कक्षातील दोन यंत्रे फक्त बायोसची आहेत. त्यांवर ग्रबच राहील. त्यातील एक आठवीच्या वर्गाने ते ४४६ बाइट प्रत्यक्ष उघडून पाहण्यासाठी मागितले आहे. ते त्यांना दिले आहे.